शून्य कुठे मांडायचं

अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या, गोव्यातल्या फोंड्याच्या ऑफिसात एक हिरवं लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात हजेरीच्या वह्या, मधल्यात गृहभेटींच्या, खालच्यात पालकसभांचे फोटो आणि सह्यांचे कागद. एका एप्रिलमध्ये, आम्हाला पैसे देणाऱ्या कंपनीच्या एक मॅडम आल्या, कपाटासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि दोन तास वाचत राहिल्या. मग कोकमाचं सरबत पिता पिता म्हणाल्या, "तुम्ही किती वेळा गेलात ते कळलं. मुलांचं काय झालं, ते कुठल्या वहीत आहे?"

ते कुठल्याच वहीत नव्हतं.

तोंडी विचारलं असतं तर आम्ही तासभर बोललो असतो. हा आता चड्डी स्वतः वर ओढतो, ती आता बसमध्ये ओरडत नाही. पण कधीपासून, आधी काय होतं, आणि ते आमच्यामुळे झालं की मूल वर्षाने मोठं झालं म्हणून, याचा एक कागद नव्हता. मी विशेष शिक्षिका आहे, या कामात अकरा वर्षं झाली, आणि त्या दुपारी मला वाटलं की आपण अकरा वर्षं फक्त स्वतःची हजेरी लावत आलो.

आमचं काम लहान आहे. आम्ही तिघी कार्यकर्त्या, महिन्यातून दोनदा येणारे एक फिजिओथेरपिस्ट, आणि माशेल, सावईवेरे, बोरी, शिरोडा या बाजूच्या वाड्यांवरची मिळून 27 मुलं. आठवड्यातले दोन दिवस मुलं देवळाच्या सभागृहात येतात, बाकीचे दिवस आम्ही त्यांच्या घरी जातो. कदंबची बस मिळाली तर बसने, नाहीतर स्कूटरने. मुलांची नावं इथे देत नाही. तक्त्यात त्यांना आकडे होते, पण आपसात बोलताना आम्ही पाववाला, काटेवाला, चौथीतली असंच म्हणायचो, तेच इथे म्हणते.

मॅडमना आम्ही एक वर्ष मागून घेतलं. आणि पहिल्याच महिन्यात फजिती करून घेतली.

आमच्यातली सगळ्यात तरुण मुलगी नेटवर हुशार. तिने ब्रिटनमधली एक प्रश्नावली शोधून काढली, वर ठळक अक्षरांत 'लर्निंग डिसॅबिलिटी' लिहिलेलं. आमच्याकडे तशी चार मुलं होती, बोलण्यात चटपटीत पण वाचताना अडखळणारी. तिने भाषांतर करून तो कागद त्यांच्या आयांना दिला. मुलगा शौचाला जाण्याआधी सांगतो का? ओळखीच्या माणसाला ओळखतो का? चौथीतल्या मुलीची आई कागद घेऊन थेट ऑफिसात आली. "बाय, माझी मुलगी गणपतीची आरती पाठ म्हणते, तुम्ही तिला काय समजलात?"

घोळ शब्दाचा होता. 1995 च्या आपल्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले, आणि त्यात बौद्धिक अक्षमता वेगळी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता वेगळी. पहिलीत एकूण समज आणि रोजचे व्यवहार दोन्ही वयाच्या मानाने मागे असतात. दुसरीत बुद्धी शाबूत, पण वाचन, लेखन किंवा हिशेब अडतो. ब्रिटनमध्ये मात्र लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे ही पहिली, आणि डिस्लेक्सियासारख्या अडचणीला तिथे लर्निंग डिफिकल्टी म्हणतात. शब्द एकच, मुलं वेगळी. आम्ही त्या आईची माफी मागितली आणि 27 मुलांचे दोन गठ्ठे केले, 23 आणि 4. मोजमापातलं आमचं पहिलं खरं काम हेच.

मग आम्ही सोपी वाट शोधली. बहुतेक मुलांच्या फायलीत अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात झालेल्या तपासणीचे कागद होते, आणि त्यात सामाजिक परिपक्वतेचा एक आकडा. ही मोजपट्टी एडगर डॉल यांनी 1935 साली अमेरिकेतल्या व्हाइनलँडमध्ये तयार केली. नागपूरला ए. जे. मालिन यांनी तिला भारतीय रूप दिलं, तिच्यात 89 बाबी आहेत. हाताने जेवणं, बटण लावणं, शेजारी एकट्याने जाणं, अशा. मूल काय काय करतं त्यावरून त्याचं सामाजिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. जुना आकडा हातात होता, आम्ही ओळखीच्या मानसशास्त्रज्ञांकडून नवा काढून घेतला. दोन आकडे शेजारी लिहिले की झालं, असा आमचा हिशेब.

23 पैकी बऱ्याच मुलांचा आकडा खाली गेला होता.

आमच्या समितीचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे वर्षभर पैसे खर्च करून हा मुलगा पन्नासावरून सत्तेचाळीसवर आला?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. रात्री घरी वहीवर गणित मांडलं तेव्हा उजेड पडला. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याचं सामाजिक वय चार होतं. चार भागिले आठ, म्हणजे 50. वर्षभरात तो शर्टाची बटणं लावायला शिकला, शी-शू सांगायला लागला, सामाजिक वय सव्वाचार झालं. पण खरं वय नऊ झालं होतं. सव्वाचार भागिले नऊ, 47. मुलगा पुढे गेला होता, पण खालचा आकडा त्याच्याहून जोरात पळत होता. हा भागाकार मुलाची इतर मुलांशी तुलना करतो, आणि प्रमाणपत्रासाठी ते लागतंच. मुलगा स्वतःच्या कालच्यापेक्षा आज कुठे आहे, हे त्या भागाकाराला विचारून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी खजिनदारांना हेच मी त्यांच्या भाषेत सांगितलं, पगार वाढला पण महागाई त्याहून जास्त वाढली तर तुम्ही कामचुकार ठरता का? त्यांना ते लगेच पटलं. तो तक्ता आम्ही मॅडमना पाठवला नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगते.

त्यानंतर हाताशी आली सिकंदराबादची तपासणी सूची, तिथल्या बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेने विशेष शाळांसाठी केलेली. ती मला डिप्लोमाच्या काळापासून माहीत होती, पण परीक्षेपुरती. तिच्यात नुसतं येतं किंवा येत नाही एवढंच लिहायचं नसतं. मूल एखादी गोष्ट आपणहून करतं, अधूनमधून खूण केली की करतं, तोंडाने सांगितलं की करतं, हात धरून करवून घ्यावं लागतं की अजिबात करत नाही, अशा पायऱ्या असतात. आमच्या मुलांची बहुतेक सगळी प्रगती या पायऱ्यांच्या मध्येच असते. आज हात धरावा लागतो, सहा महिन्यांनी नुसतं 'घाल' म्हटलं की पुरतं. हो-नाहीच्या तक्त्यात हे सहा महिने दिसतच नाहीत.

पण विचारायचं कोणत्या भाषेत? गोव्यात आमचं लिहिणं मराठीत आणि घरातलं बोलणं कोंकणीत. पेपर मराठी, आरती मराठी, मुलाला हाक मात्र कोंकणीत. 'बालक स्वतःहून वस्त्रे परिधान करते काय' असं वाचलं की आई आधी घाबरते, मग 'हो' म्हणून मोकळी होते. तेव्हा कागद मांडीवर उपडा ठेवायचा आणि विचारायचं, "कपडे आपणेंच घालता?" मग ती हसते आणि सांगते की सदरा घालतो, पण पाठ पुढे करून.

आणि मग काटेवाल्याची गोष्ट. सूचीत एक बाब होती, स्वतः जेवतो. मी केंद्रावर त्याला रोज बघत होते. पाव आणि पातळभाजी तो नीट खातो, हात पुसतो, ताटली उचलून ठेवतो. मी लिहिलं, 'आपणहून'. माझी सहकारी त्याच आठवड्यात त्याच्या घरी जेवणाच्या वेळी गेली होती. तिने लिहिलं, 'मदतीने'. दोघींनी भांडण होईपर्यंत वाद घातला, शेवटी मीही घरी गेले. शीत, हुमण, तळलेला बांगडा. आई शेजारी बसून माशाचे काटे काढते, भाताचा गोळा करून ताटाच्या कडेला ठेवते, तो उचलून खातो. "काटे काढून दिले की जेवतो तो स्वतः," आई म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने प्रश्न संपला. मी विचारलं, सोमवारी? सोमवारी शिवराक, मासे नाहीत. सोमवारी तो सगळं एकटा जेवतो. म्हणजे आमचा मुलगा सोमवारी स्वावलंबी आणि बुधवारी परावलंबी.

हसलो खूप, पण त्यातून एक नियम निघाला. बाबीच्या पुढे जागा लिहायची, घरी, केंद्रात की तिसरीकडे, आणि एकीने नव्हे तर दोघींनी स्वतंत्र बघून लिहायचं. नियम केला आणि आमचंच पितळ उघडं पडलं. आपण शिकवलेल्या मुलाला गुण देताना हात सैल सुटतो. मी बोरीची मुलं सांभाळायची, ती शिरोड्याची. गावं बदलून पुन्हा तपासलं, तर दोघींच्याही मुलांच्या पायऱ्या खाली आल्या. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. मूल आपल्या ओळखीच्या बाईसमोर जे करतं ते तिलाच दिसतं, आणि तिने किती हळूच खुणावलं हे तिचं तिलाच कळत नाही. आता पहिलं आणि शेवटचं मोजमाप दुसऱ्या गावची कार्यकर्ती करते. याला आमच्यात अजूनही नाराजी आहे. स्कूटरचं पेट्रोलही जास्त जातं.

इतकं करूनही आयांना त्या सूचीत रस नव्हता. इतक्या बाबींतली त्यांच्या घरची अडचण कुठली, हे तिच्यात सापडत नव्हतं. आमच्या जुन्या फायलीत आम्ही स्वतः लिहिलेली उद्दिष्टं होती, चार रंग ओळखणे, दहापर्यंत मोजणे, मणी ओवणे. पाववाल्याच्या आईला मी पहिल्यांदा विचारलं की तुला काय हवंय, तेव्हा तिने बराच वेळ पदराचं टोक पिळलं. नऊ वर्षं तिला कुणी हे विचारलं नव्हतं, माझ्यासकट. मग म्हणाली, "पोदेर आला की त्याने पाव घेऊन यावेत. शेजारची मुलं जातात तसे."

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. पोदेर म्हणजे सायकलवर पाव विकत फिरणारा माणूस. मागे टोपली, तिच्यावर निळं प्लॅस्टिक, हँडलला रबरी भोंपू. सकाळी आणि संध्याकाळी वाड्यावरून पों-पों करत जातो आणि घराघरातून मुलं नोट घेऊन फाटकाशी धावतात. हे काम मोठं नाही, पण ते केलं की मूल वाड्यात मोजलं जातं.

अशा एकेका मुलाच्या एकेका उद्दिष्टासाठी एक पद्धत आहे. किरेसुक आणि शेरमन या दोघांनी ती 1968 साली अमेरिकेतल्या सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यक्रमांचं मूल्यमापन करण्यासाठी मांडली. पाच ओळी लिहायच्या. मधली ओळ शून्य, म्हणजे ठरवलेल्या मुदतीत इतकं व्हावं अशी वाजवी अपेक्षा. त्याहून थोडं जास्त झालं तर अधिक एक, खूपच जास्त तर अधिक दोन. कमी पडलं तर उणे एक, उणे दोन. मेख अशी की पाचही ओळी काम सुरू करण्याआधी लिहायच्या, आणि अशा लिहायच्या की परक्या माणसालाही बघून ठरवता यावं.

सोपं वाटतं. पाववाल्याच्या पाच ओळी लिहायला आम्हाला तीन भेटी लागल्या. त्या अशा झाल्या. उणे दोन, भोंपू ऐकून आतल्या खोलीत जातो (त्या दिवशी तो हेच करत होता). उणे एक, आईचा हात धरून फाटकापर्यंत येतो, नोट देत नाही. शून्य, आई सोप्याजवळ उभी असताना एकटा फाटकापर्यंत जातो, वीसची नोट देतो आणि चार पाव घेऊन येतो. अधिक एक, आई आत असतानाही जातो. अधिक दोन, चारऐवजी दोन किंवा सहा आण म्हटलं तर पोदेराला बोटांनी तेवढे दाखवतो. मुदत सहा महिने, आठवड्यातून चार वेळा जमलं तर ती ओळ धरायची.

वाद झाला तो शून्यावर. आई म्हणत होती अधिक एक हेच शून्य धरा, वडील म्हणत होते उणे एक झालं तरी पुष्कळ. आजीने मध्येच सांगितलं की पाव आणताना तो एक खाणारच, ते कुठे लिहिणार? (ते लिहिलं. तीन पाव आले तरी चालतील, अशी टीप आहे.) हा वाद मला सगळ्या मोजमापाहून मोलाचा वाटतो. शून्य कुठे मांडायचं यावर बोलताना त्या घराने पहिल्यांदा मिळून ठरवलं की या मुलाकडून अपेक्षा काय ठेवायची. नाहीतर एकजण सगळं करून देत होता आणि दुसरा 'याला काही जमायचं नाही' म्हणत होता.

प्रत्येक मुलाची तीन, फार तर चार उद्दिष्टं. काही मजेशीर, काही वाचताना घशाशी येणारी. 'पाहुणे आले की आत कोंडावं लागू नये.' 'रात्री एकदाच उठावा.' 'शिगम्याच्या मिरवणुकीत कान झाकून का होईना, उभा राहावा.' फिट्स येणाऱ्या एका मुलीच्या पालकांनी काही नवीन मागितलंच नाही. दर मोठ्या फिटनंतर तिचं काहीतरी जायचं, एकदा चमचा धरणं, एकदा 'आई' म्हणणं. तिचं शून्य आम्ही असं लिहिलं, आज जे येतं ते सहा महिन्यांनीही येतं. जागेवर टिकणं हेही फलित असतं, हे मी तोवर कुठल्याच अहवालात लिहिलेलं नव्हतं.

पहिलं मोजमाप जूनमध्ये केलं. दुसरं डिसेंबरमध्ये ठरलं होतं, पण एका कार्यकर्तीच्या लग्नामुळे काही मुलांचं घाईने सप्टेंबरमध्ये उरकलं. ते सगळे कागद रद्द करावे लागले. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत गोव्यातल्या घरात काय असतं ते गोवेकराला सांगायला नको. मुंबई-पुण्याचे पाहुणे, माटोळी, नेवऱ्यांची तळणी, घुमट आरत्या. ज्या मुलाला रोजच्या क्रमावर उभं केलेलं असतं, त्याचा क्रमच त्या आठवड्यात मोडतो. एका मुलीचे सगळे आकडे उणे दोन. ती सभागृहातल्या बाकाखालून बाहेरच येईना. पंधरा दिवसांनी तीच मुलगी आली आणि स्वतःची चप्पल रांगेत लावून बसली.

पाववाला नोव्हेंबरमध्ये अधिक एकवर होता. आई स्वयंपाकघरात, भोंपू वाजला की तो स्वतः डब्यातून नोट काढायचा. मी व्हिडिओ काढला, समितीला दाखवला, खजिनदारांनी दोनदा बघितला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या गावची कार्यकर्ती मोजायला गेली आणि तिने लिहिलं, उणे दोन. मला वाटलं तिने चुकीच्या घराचा कागद भरला.

जुना पोदेर काम सोडून गेला होता. नवा आला तो स्कूटरवर, भोंपू बदललेला, थांबण्याची जागा फाटकापासून वीस पावलं पुढे, पिंपळाशी. शिवाय हा थांबायचा अर्धा मिनिट. जुना माणूस आमच्या मुलासाठी खाली उतरायचा, नोट सरळ करून घ्यायचा, पावाची पिशवी त्याच्या मनगटात अडकवायचा. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी लिहिलं नव्हतं. सहा महिने आम्ही जे मुलाचं कौशल्य म्हणून मोजत होतो, त्यातलं अर्धं त्या माणसाचं होतं.

2001 साली जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्व बघण्याची एक चौकट मांडली. तिच्यात शरीर, कृती आणि सहभाग यांच्या जोडीला परिसर हाही घटक आहे. मूल काय करू शकतं हे भोवतालची माणसं आणि वस्तू काय करू देतात यावर ठरतं, असं ती सांगते. हे मी प्रशिक्षणात तीनदा ऐकलं होतं, वहीत आकृतीसुद्धा काढली होती. कळलं त्या पिंपळाखाली.

आम्ही काय केलं? नव्या पोदेराला गाठलं. तरुण मुलगा, त्याला दीडशे घरं करायची असतात. मी फॉर्म वगैरे काही काढला नाही, फक्त म्हटलं की या फाटकाशी थांब आणि दहा आकडे मोज. तो म्हणाला, मोजतो. तक्त्याला आम्ही एक रकाना जोडला, 'भोवताली काय बदललं'. आणि डिसेंबरचा आकडा उणे दोनच ठेवला. खोडला नाही. सहकारी म्हणत होती की नोव्हेंबरचा व्हिडिओ आहे, तो धरू. पण आम्ही तारीख आधी ठरवली होती, ती पोदेर बघून बदलायची नाही.

चौथीतल्या मुलीचं मोजमाप वेगळ्या दगडावर आपटलं. तिच्यासारख्यांसाठी आम्ही 'असर'वाली वाचनपट्टी घेतली, 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची, 2005 पासून देशभर गावोगाव वापरली जाते ती. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. जूनमध्ये ती साधे शब्द वाचत होती, जोडाक्षर आलं की थांबायची. 'पुस्तक' वाचताना 'पुसतक', आणि 'प्रकाश'ला सरळ 'पक्षी'. अक्षरं वाळूत बोटाने गिरवून, शब्द तोडून, टाळ्या वाजवून मार्चपर्यंत ती परिच्छेदावर आली. तिच्या आईचं उद्दिष्ट मात्र वेगळंच होतं, 'शुक्रवारी पोटात दुखू नये'. शुक्रवारी वर्गात श्रुतलेखन असायचं. हे मोजायला शाळेची हजेरी पुरली. पहिल्या सत्रात ती बहुतेक शुक्रवारी घरी होती, दुसऱ्या सत्रात फक्त दोनदा राहिली, आणि त्यातल्या एकदा खरंच ताप होता.

मग जून आला आणि ती पाचवीत गेली. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणी, आणि पाचवीपासून हायस्कूल इंग्रजी. साध्या मुलांचीही त्या वर्षी दमछाक होते. हिने मराठीत परिच्छेदापर्यंत यायला दोन वर्षं घेतली होती, आणि आता समोर बी आणि डी. आमचा तक्ता जूनमध्ये 'परिच्छेद' म्हणत होता, जुलैमध्ये 'अक्षर'. हायस्कूलच्या बाईंनी विचारलं की हिला दोन वर्षं शिकवलं म्हणजे नेमकं काय केलं? आम्ही तिच्यासाठी दोन तक्ते केले, एक मराठीचा, एक इंग्रजीचा. शब्दाचे आवाज तोडण्याचं तंत्र तिने मराठीत कमावलं होतं, ते इंग्रजीत उपयोगी पडतंय का, एवढंच दुसऱ्या तक्त्यात बघायचं. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळायचं, मग 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची. आठ आणि चौदाच्या मधल्या सहा वर्षांत माध्यम बदलतं, शाळा बदलते, बाई बदलतात. त्या काळाची नोंद आपणच ठेवायची असते.

वर्ष संपताना कंपनीला अहवाल द्यायचा होता. सगळ्या मुलांची वेगवेगळी उद्दिष्टं एका आकड्यात आणण्याचं सूत्रही त्याच पद्धतीत आहे. सगळी शून्यं आली तर उत्तर 50 येतं. तीन सारख्या वजनाच्या उद्दिष्टांत दोन अधिक एक आणि एक शून्य आलं तर साधारण 59. आमच्या 27 मुलांची सरासरी 50 च्या किंचित खाली होती. आम्ही खूश, अपेक्षा ठरवल्या तशा जवळजवळ पुऱ्या झाल्या. कंपनीतून फोन आला. मॅडम रजेवर होत्या, दुसरे साहेब होते. "पन्नास टक्केच? पुढच्या वर्षी सत्तर करता येतील ना?"

मी सांगितलं की सत्तर करणं अगदी सोपं आहे. शून्य खाली मांडलं की झालं. मुलगा आज जे करतो त्याच्या जरासं वर रेघ मारायची, सहा महिन्यांनी सगळे अधिक दोन. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं की पन्नासच्या फार वर आकडा दिसला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? हा माणूस ऐकतोय, हे मला त्या प्रश्नावरून कळलं. मी म्हटलं, एक तर आम्ही फार चांगलं काम केलं किंवा फार घाबरून उद्दिष्टं लिहिली, आणि दुसऱ्याची शक्यता जास्त. अहवालात मी पाववाल्याचं उणे दोन कारणासकट लिहिलं. समितीत कुणाला ते आवडलं नाही. पैसे मात्र पुढच्या वर्षी आले, जेवढे आधी यायचे तेवढेच.

आयांना आम्ही शेवटी एकच तोंडी प्रश्न विचारला होता, वर्षभरात तुमचं स्वतःचं काय बदललं? काहींनी काहीच नाही म्हटलं, आणि ते तसंच लिहिलं. एकीने सांगितलं की नवऱ्याने पहिल्यांदा मुलाचे केस कापायला नेलं. काटेवाल्याची आई म्हणाली की ती फातर्प्याच्या जत्रेला जाऊन आली, लग्नानंतर पहिल्यांदाच, मुलाला जावेकडे ठेवून. मी विचारलं, जेवणाचं काय केलंस? "सोमवार बघून गेले," ती म्हणाली.

हे दुसरं वर्ष. जूनमध्ये पाववाल्याच्या घरी पुन्हा पाच ओळी लिहायला बसलो. बाहेर धो-धो पाऊस, आजी जात्याशेजारी, वडील या वेळी पूर्ण वेळ हजर. नवा पोदेर आता फाटकाशी थांबतो, दहापर्यंत मोजतो की नाही माहीत नाही, पण थांबतो. मुलगा आईचा हात धरून जातोय. आईला शून्य पुन्हा वर हवं होतं. मी म्हटलं, पोदेर पुन्हा बदलला तर? तिने विचार केला आणि स्वतःच अधिक दोनची ओळ सांगितली, 'नवीन माणूस आला तरी आठ दिवसांत जातो.' ती तशीच लिहिली आहे, तिच्या शब्दांत. आजीची पावाची टीप कायम आहे.

पुढचं मोजमाप नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, चवथ आणि दिवाळी दोन्ही उलटल्यावर, जत्रा सुरू होण्याआधी. शिरोड्याची कार्यकर्ती जाणार आहे.